बेस वाजवणारे जावई

फर्गस काय करतो हे पाहुण्यांना खरं सांगायचं की नाही, यावरून घरात सकाळपासून दोन तट पडले होते. ज्याच्यावरून हे चाललं होतं तो चौसष्ट वर्षांचा स्कॉटिश जावई मागच्या अंगणात म्हशीचे फोटो काढत होता.

अमृतनं मात्र आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, की आमचे जावई साउंड इंजिनियर आहेत.

"इंजिनियर कोठून काढा तू?" सीमानं विचारलं. फर्गसची ही बायको बट्ट्यांचं पीठ मळत होती. पाच दिवसांपूर्वी स्कॉटलंडमधल्या डंडीहून निघताना तिनं ठरवलं होतं, की भावाशी भांडायचं नाही. ते ठरवणं पाच दिवस टिकलं, हेच पुष्कळ होतं.

"मंग काय सांगू? तूच सांग, तो करस काय?"

"बेस वाजाडस."

दोघांची आई सरलाबाई चुलीपाशी वांगी भाजत होत्या. त्या वळल्या. "बेस वाजाडस ते चांगलंच शे वं माय. पन वाजाडस काय?"

"बेसच."

"हां, बेस. पन काय? ढोल? पिपाणी?"

"बेस नावाचं वाद्यच शे, माय. गिटारसारखं. चार तारांचं."

"चारच?" सरलाबाईंना वाईट वाटलं. "बाकीन्या तुटन्यात का?"

अमृतनं खिशातून मोबाईल काढला आणि बहिणीसमोर धरला. त्यात १९७९ सालचा फर्गस होता. डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा, अंगात फाटका शर्ट, कानात सेफ्टीपिन. "हाई दाखाडू का मी नवलभाऊले? कानमा सेफ्टीपिन! मन्ही माय ती पोलक्याले लावस!"

"तुरा आते नही ना," सरलाबाई समजुतीनं म्हणाल्या. "आते फारकतराव टकला शे."

"माय, फर्गस. फारकत नको म्हणू. लोकांना वाटेल आम्ही घटस्फोट घेतलाय."

भूमिका दारात उभी राहून हसत होती. अमृतची ही मुलगी चोवीस वर्षांची, शहाद्याला बँकेत नोकरीला. आज दुपारी येणारे पाहुणे तिच्यासाठी येत होते. तळोद्याचे नवलभाऊ, त्यांची बायको रुपा आणि मुलगा भाग्येश. दोनदा भेटी झाल्या होत्या, आज सुपारी फुटायची होती. भूमिकानं मात्र अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. दोन भेटींत मिळून तो मुलगा एकच वाक्य बोलला होता : पोहे छान झालेत.

"खरं सांगायला काय जातं, पप्पा?" ती म्हणाली. "फुई तर काही लपवत नाही." आत्याला, सीमाला, ती फुई म्हणे.

"तुन्ही फुईनं लपवं असतं ते बरं व्हतं," अमृत म्हणाला.

तो कशाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना ठाऊक होतं. १९९७ साली सीमा डंडीच्या दवाखान्यात नर्स असताना, व्हॅनच्या दारात बोटं चिरडलेला एक माणूस तिच्यापुढे आणून बसवला गेला. बोटं वाचतील का, असं तो सारखा विचारत होता. तोंड बंद ठेवलंस तर वाचतील, असं ती म्हणाली होती. सहा महिन्यांत दोघांनी लग्न केलं. ती बातमी घेऊन पत्र गावात पोचलं ते अमृतच्या साखरपुड्याच्या आठवड्यात, आणि दोंडाईच्याच्या मुलीकडच्या मंडळींनी नारळ परत पाठवला. अमृतचं लग्न पुढे दोन वर्षांनी दुसरीकडे झालं, चांगलं झालं, पण तो नारळ त्याच्या डोक्यातून गेला नाही.

आणि आबा, म्हणजे सीमाचे वडील दगा आबा, त्या दिवसापासून मुलीशी बोलले नव्हते. सरलाबाई फोनवर तिच्याशी बोलत, तेव्हा ते शेजारी बसून टीव्हीचा आवाज बारीक करत. बोलत मात्र नसत. आता इतक्या वर्षांनी ती समोर आली तर निरोप सुरू झाले होते. "तिला सांगा, उन्हात फिरू नको म्हणावं." दोघांमध्ये चार हातांचं अंतर असायचं.

"ताई," अमृतचा आवाज उतरला. "एक डाव. फक्त आजना दिवस. मन्ही पोरना सवाल शे."

सीमानं भावाकडे पाहिलं. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. चोवीसाव्या वर्षी परत आलेला नारळ हातात घेऊन उभा राहिलेला मुलगा तिनं पाहिला नव्हता, पण गेली अठ्ठावीस वर्षं तो तिच्या डोळ्यांपुढे होता.

"बरं," ती म्हणाली. "तो इंग्रजीत बोलेल. मराठी मी करीन."

*

पाहुणे तीनला आले. कारखान्याकडून मळीचा वास येत होता, आणि ओट्यावर खाटेवर दगा आबा पेपर उघडून, घराकडे पाठ करून बसले होते. बैठकीत काय चाललंय ते ऐकू येईल, पण आपण ऐकतोय असं दिसणार नाही, अशी ती जागा होती.

नवलभाऊ तळोद्याला सरकारी कचेरीत अधीक्षक होते. माणूस सज्जन, पण कुणाचीही ओळख त्यांना सेवापुस्तकासारखी लागे, रुजू झाल्याच्या तारखेपासून. रुपाताई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सीमाचं भाषांतर पकडलं तर त्याच पकडणार होत्या.

फर्गसला खुर्ची दिली होती, कारण त्याचे गुडघे जमिनीवर बसायला राजी नव्हते.

"मूळ गाव?" नवलभाऊंनी सुरुवात केली.

"डंडी," फर्गस म्हणाला.

"दांडी? मिठाच्या सत्याग्रहाची? मग सुरतेच्या पुढेच की!"

"नाही," सीमा म्हणाली, "त्याच्याही थोडं पुढे."

"आणि नोकरीत कधी लागले?"

सीमानं विचारलं. फर्गसचा चेहरा उजळला. पाच दिवसांत त्याला कुणी त्याच्याबद्दल काही विचारलं नव्हतं. तो इंग्रजीत सांगू लागला. सोळाव्या वर्षी शाळा सोडली. मित्रांनी बँड काढला. गिटार एकानं घेतलं, ड्रम दुसऱ्यानं, गळा गॉर्डननं, आणि बेस कुणालाच नको होता म्हणून त्याच्या वाट्याला आला. बँडचं नाव 'भिजलेली बिस्किटं'. वाजवता कुणालाच येत नव्हतं. ते जोरात ओरडायचे आणि समोरचे लोक त्यांच्यावर थुंकायचे. थुंकणं म्हणजे त्या काळी आदर होता.

सगळे सीमाकडे पाहू लागले.

"सतराव्या वर्षी रुजू झाले," सीमा म्हणाली. "काम लोकांशी थेट संबंधाचं होतं. लोकांचा प्रतिसाद चांगला होता."

"येस, येस," रुपाताई मान डोलावत म्हणाल्या.

सीमाला हायसंही वाटलं आणि आश्चर्यही.

"तिथे किती वर्षं?"

दोन, फर्गस म्हणाला. मग गॉर्डननं काढलं. कारण फर्गस घरी चोरून सराव करत होता, आणि एका कार्यक्रमात एक गाणं त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर वाजवलं. पंक या त्यांच्या आरडाओरडीच्या संगीतात बरोबर वाजवणं म्हणजे फितुरी.

"मग बदली झाली," सीमा म्हणाली.

"येस," रुपाताई म्हणाल्या.

भूमिका चहा देत फिरत होती. फुवांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, इंग्रजी तिला पाच दिवसांत समजू लागलं होतं. ती भाग्येशसमोर आली तेव्हा त्याची बशी हलताना दिसली. तो खाली मान घालून बसला होता, आणि त्याचे खांदेही हलत होते. त्याला ताप आहे की काय, असं तिला वाटलं. मग त्यानं एक क्षण वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. हा माणूस हसू दाबत होता. म्हणजे त्याला सगळं कळत होतं!

फर्गस आता खुर्चीच्या कडेला आला होता. पुढचा बँड 'राखाडी भिंत', साल १९८०. सगळ्यांनी लांब काळे कोट घालायचे, हलायचं नाही, हसायचं नाही. गाणी बंद पडलेल्या गिरण्यांवर. पण त्या गाण्यांत चाल बेस चालवायचा! गिटार नुसतं किरकिरायचं, आणि गाण्याला वाट दाखवायचा तो बेस. हे सांगताना त्याची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली होती. तीन वर्षं. मग बेल्जियममध्ये एका कार्यक्रमात स्टेजवर कुत्रा चढला, गायकाच्या कोटाला हुंगून त्यानं पाय वर केला, आणि फर्गस हसला. त्याच संध्याकाळी त्याला काढलं.

"तिथे शिस्त कडक होती," सीमा म्हणाली. "परदेश दौरे असायचे. बेल्जियमलासुद्धा."

"डेप्युटेशनवर?"

"हो. मग पुन्हा बदली."

भाग्येशला ठसका लागला. भूमिकानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि स्वतःचा ओठ चावून धरला.

"नंतर पोस्टात होते," सीमा म्हणाली. हे खरंच होतं. दिवसा टपाल वाटायचं आणि शनिवार-रविवारी ज्या बँडला बेसवाला नसेल त्याच्याकडे वाजवायचं, असे अकरा बँड झाले होते. पण पोस्ट म्हटल्याबरोबर नवलभाऊंचा चेहरा फुलला, तेव्हा ती तिथेच थांबली.

"पोस्टात! उत्तम! पण मग साउंड इंजिनियर कधी झाले?"

सीमानं अमृतकडे पाहिलं. अमृतनं भिंतीकडे पाहिलं.

"पोस्टातच," अमृत म्हणाला. "पोस्टाचं ते... आवाज खातं."

"अच्छा. आणि आता?"

"आता निवृत्त," सीमा घाईनं म्हणाली. हे संपायला हवं होतं. "पूर्वी थोडं वाजवायचे, छंद म्हणून. लग्नानंतर ते सगळं सोडून दिलं."

फर्गसनं कप खाली ठेवला.

"खोटं नको बोलू वं," तो म्हणाला.

अहिराणीत. सरळ, स्वच्छ, शहाद्याच्या बाजारात ऐकू यावं तसं.

सरलाबाई शेवभाजीचा डाव हातात घेऊन आतल्या दारात आल्या होत्या, त्या तिथेच थिजल्या.

"सोडं नही," फर्गस पुढे म्हणाला. एकेक शब्द शोधत, पण न अडखळता. "मी आते बी वाजाडी ऱ्हायनी. बदली-बिदली काही नही. माले काढी टाकं. दोन डाव काढी टाकं. लगीन व्हयनं तव्हय मी सोडी देत व्हती. तव्हय हाई बोलनी, सोडशी ते घरमा येऊ नको. मी वाजाडाले जाऊ म्हनीसन हाई रातपाळी करे. दहा वरीस."

मग त्याचे शब्द संपले, आणि त्यानं शेवटी जे हाती लागलं ते जोडून दिलं. "समजनं का नही? कान फुटनात का?"

त्याची अहिराणी एकाच माणसाच्या तोंडून आलेली होती. म्हणून तो स्वतःला बाई समजून बोलत होता, आणि म्हणून निम्मे शब्द ओरडण्याचे होते. सीमा घरात चिडली की अहिराणीत बोले. त्याला कळत नाही या भरवशावर अठ्ठावीस वर्षं बोलत आली होती. तिचे डोळे आधी भरून आले आणि मग चेहरा एकदम पांढरा पडला, कारण त्याच्या आईबद्दल ती काय काय बोलली होती ते तिला आठवलं.

"जवाईबोवा," सरलाबाई दारातून हळूच म्हणाल्या, "ऱ्हायनू म्हना. ऱ्हायनी नही."

"ऱ्हायनू," फर्गस म्हणाला.

नवलभाऊ उठले. "म्हणजे इंजिनियर नाहीत."

"नाहीत," अमृत म्हणाला.

"रुपा, तू तर सगळ्याला येस येस म्हणत होतीस!"

"मला एक शब्द कळला नाही," रुपाताई रडवेल्या झाल्या. "वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी. सगळ्यांसमोर कसं सांगू, की कळत नाहीये म्हणून?"

"अमृतभाऊ, पाहुणे काय वाजवतात याच्याशी आम्हाला घेणं नाही," नवलभाऊ चपला शोधत म्हणाले. "इंजिनियर तर आमच्या भावकीत तीन आहेत, तिन्ही घरी बसलेत. पण पहिल्याच दिवशी खोटं? चल भाग्येश, ऊठ."

भाग्येश उठला नाही. अमृत मात्र उठला आणि त्यानं हात जोडले. पुन्हा तेच, त्याच्या मनात आलं. पुन्हा नारळ.

*

ओट्यावर दगा आबांनी पेपर खाली ठेवला होता.

आबांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं काढली होती. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा यायच्या आधी ते वजन सांगत, आणि नवीन पोरांना तेच शिकवत. आत चाललेल्या गोष्टीतली बेल्जियम, पोस्ट, इंजिनियर ही भानगड त्यांच्या डोक्यावरून गेली होती. एकच गोष्ट अडकली होती.

ते उठले आणि बैठकीच्या दारात येऊन उभे राहिले.

"सीमा," ते म्हणाले. "काबर काढं त्याले?"

सरलाबाईंच्या हातातल्या डावातून शेवभाजीचा रस्सा जमिनीवर सांडला. नवलभाऊंना त्या अबोल्याचं काही ठाऊक नव्हतं, तरी तेही एक चप्पल घालून थांबले.

सीमा उठून उभी राहिली. "सराव करा म्हनीसन, आबा."

"काय करा?"

"घर बसीसन सराव करा. बराबर वाजाडाले लागना. म्हनीसन काढं."

"काम शिकना म्हनीसन कामवरथून काढं?"

"हां."

"आन दुसरा डाव?"

"हासना म्हनीसन."

आबांनी जावयाकडे पाहिलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग ते नवलभाऊंकडे वळले. "सांगा नवलभाऊ. तुम्ही सरकारमा शेतस. हाई नियममा बसस का?"

नवलभाऊ दुसऱ्या चपलेत पाय घालता घालता थबकले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या स्वतःच्या दोन बदल्या अशा झाल्या होत्या, की ज्यांचं नाव काढलं की त्यांना जेवण जात नसे.

"नोटीस दिली होती का?" त्यांनी विचारलं. "लेखी?"

सीमानं विचारून सांगितलं. "नाही. गॉर्डननं चालत्या व्हॅनच्या खिडकीतून सांगितलं."

"खिडकीतून!" नवलभाऊंनी घातलेली चप्पल काढली. "चौकशी समिती?"

"नाही."

"बाजू मांडायची संधी?"

"व्हॅन निघून गेली."

"हा सरळ सरळ अन्याय आहे," नवलभाऊ म्हणाले, आणि खाली बसले.

"मी तेच बोली ऱ्हायनू!" आबा म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी बसले.

पुढचा पाऊण तास त्या घरात सुपारीचं कुणी नाव काढलं नाही. सेहेचाळीस वर्षं उलटली, मुदत गेली असणार, हे नवलभाऊंनी जड मनानं मान्य केलं. तरी अर्ज द्यायला हरकत नसते. कागद आणला गेला. 'विषय : विनानोटीस कामावरून कमी केल्याबाबत.' नवलभाऊ सांगत आणि रुपाताई इंग्रजीत उतरवत. अक्षर मोत्यासारखं, आणि लिहिताना त्या कुठेच अडल्या नाहीत. अमृतला वाटलं आपणही काही करावं, म्हणून त्यानं सहीसाठी पेन झटकून शाई उतरवली. बेल्जियमच्या प्रकरणात कुत्र्याचा जबाब लागेल का, यावर थोडा वाद झाला. आबांचं म्हणणं, कुत्रा आता हयात नसावा.

"आन हाऊ गॉर्डन आते कोठे भेटी?" आबांनी विचारलं.

फर्गसनं सांगितलं, की तो आणि गॉर्डन गेली नऊ वर्षं पुन्हा एकत्रच वाजवतात. 'भिजलेली बिस्किटं' मे महिन्यात जपानला चालली आहेत. समोर सगळी टकली माणसं असतात, थुंकायची ताकद कुणात उरलेली नाही. अर्ज तो विमानात हातोहात देईल.

"पोच लई लेजो," आबा म्हणाले. पोच घ्यायला विसरू नको.

*

भूमिका मागच्या अंगणात माठातून पाणी घेत होती. भाग्येश तिथे आला. तो गुरांचा डॉक्टर होता, तोरणमाळच्या वाटेवरच्या गावांत फिरायचा.

"तुम्हाला फुवांचं बोलणं कसं कळलं?" तिनं विचारलं.

"खुरांमुळे."

"काय?"

"गायींची खुरं कशी कापायची, त्याचे व्हिडिओ आहेत. एक स्कॉटलंडचा डॉक्टर दाखवतो. तीन वर्षं रोज बघतोय. अगदी असंच बोलतो." तो थांबला. "मलापण एक सांगायचंय. माझ्या बायोडाटात छंद म्हणून वाचन लिहिलंय ना, ते खोटं आहे. आईनं लिहिलं."

"मग खरा छंद काय?"

त्यानं बराच विचार केला. "म्हशीला बघून तिचं नाव काय असेल ते ओळखतो मी. बहुतेक वेळा चुकतं."

भूमिकानं अंगणातल्या म्हशीकडे बोट केलं.

भाग्येशनं म्हशीभोवती एक फेरी मारली. तिच्या डोळ्यांत पाहिलं. "कमळी?"

"राणी."

"हं," तो म्हणाला. "ती तशी वाटत नाही."

भूमिका तांब्या हातात घेऊन हसत सुटली. आत सरलाबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी डाव खाली ठेवला आणि सुपारीचं ताट काढलं. पोरीला काही विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

*

सुपारी फुटली, वरण-बट्टी झाली, आणि पाच वाजता पाहुण्यांची गाडी तळोद्याच्या रस्त्याला लागली. निरोप देताना नवलभाऊंनी फर्गसचा हात दोन्ही हातांत धरला आणि धीर सोडू नका म्हणून सांगितलं. अमृत गाडीमागे फाटकापर्यंत गेला, परत आला, आणि बहिणीजवळ येऊन म्हणाला, "ताई, ते आवाज खातं मी कसाले बोलनू देव जाणे." मग दोघं भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसले.

आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. सीमा कप गोळा करायला बाहेर आली. त्यांच्यासमोरचा कप उचलून ती वळली.

"बठ," आबा म्हणाले.

ती खाटेच्या कडेला बसली. कप हातातच राहिले. आबांनी पेपर उचलला, घडी मोडली, परत घातली. इतक्या वर्षांनी पहिलं काय विचारायचं, हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"तठे थंडी कितली ऱ्हास?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कव्हयनी सांगू, आबा? दर साली येगळी ऱ्हास."

आबांनी पाय वर घेतले आणि तिला नीट बसता यावं म्हणून थोडे सरकले.

"पहिली थंडीपासून सांग," ते म्हणाले.